दुसरी प्रत दुसऱ्या घरी

महत्त्वाचा कागद एकाच ठिकाणी असू नये, हे शहाणपण कचेरीत काम करणाऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत नस्तीला लागते, जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक राहतो आणि मूळ पत्र वाटेत गहाळ झाले तरी त्या क्रमांकावरून ते पुन्हा उभे करता येते. शाळेतही तीच रीत आहे. विद्यार्थी शाळा सोडून जातो, दाखला त्याच्या हाती पडतो. परंतु दाखलखारीज नोंदवही शाळेच्या कपाटातच राहते आणि पन्नास वर्षांनी त्याच्या नातवालाही त्या नोंदीचा उतारा मिळू शकतो. मूळ एकाच्या हाती आणि प्रत दुसऱ्याच्या कपाटात, या साध्या व्यवस्थेवर आपला सारा नागरी व्यवहार उभा आहे.

आश्चर्य असे की, हाच कारकून आणि हाच शिक्षक सायंकाळी घरी परतला की ही रीत विसरतो. लग्नाची छायाचित्रे, मुलांच्या गुणपत्रिका, शेताच्या मोजणीचे नकाशे, वडिलांच्या औषधोपचाराचे कागद, आजीच्या आवाजात टिपून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या, वीस वर्षांच्या अध्यापनातून तयार झालेली टिपणे, हे सर्व आज एका मोबाइलमध्ये किंवा टेबलावरच्या एका संगणकात असते. त्याची स्थळप्रत कोठेही नसते. असलीच तर ती त्याच घरात, त्याच कपाटात आणि त्याच छपराखाली असते. म्हणजे चोर आला किंवा आग लागली तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जावयाचे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या या संगणकीय दप्तराची एक प्रत दूरच्या नातलगाच्या घरी, तेथे कायम चालू राहणाऱ्या एका छोट्या यंत्रावर ठेवावी आणि त्या नातलगाची प्रत आपल्या घरी ठेवून घ्यावी. हे आज शक्य आहे, नोकरदाराच्या ऐपतीतले आहे आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला तर त्याची विशेष गरज आहे.

दप्तर एका घराचे नसते

ही गरज येथील कुटुंबांना फोड करून सांगावी लागू नये. जातवैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ केलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे की, आजोबा-पणजोबांच्या काळातल्या कोतवाल बुकातील वा दाखलखारीज नोंदवहीतील एक ओळ मुलाच्या प्रवेशाचा निकाल लावू शकते. ती ओळ एखाद्या चुलत्याने कधी काळी तहसील कार्यालयातून खटपट करून मिळवलेली असते. मग तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स भाऊबंदांत फिरते; रक्तनात्यातल्या एकाला मिळालेले वैधता प्रमाणपत्र दुसऱ्याच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडले जाते. याचा अर्थ, कुटुंबाचे दप्तर हे वस्तुतः एका घराचे नसतेच. ते साऱ्या गोतावळ्याचे असते. मग त्याच्या रक्षणाचा भार एकाच घरातल्या एकाच यंत्रावर का टाकावा?

त्या यंत्राचा भरवसाही फार नाही. आपल्याकडील हजारो डिस्कांच्या आयुष्याची आकडेवारी दरवर्षी जाहीर करणारी बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. तिच्या अनुभवानुसार शंभरातील एक ते दोन डिस्क दर वर्षी निकामी होतात, आणि हा अनुभव थंड खोलीतल्या व अखंड विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा आहे. आपल्या घरी विजेचा दाब दिवसातून अनेकदा वरखाली होतो, मे महिन्यात खोलीतली हवा तापते आणि मृगाच्या पहिल्या गडगडाटात मोडेम जळाल्याचे शेजारीपाजारी ऐकू येते. घरच्या डिस्कचे आयुष्य त्या थंड खोलीतल्या डिस्कहून अधिक असेल, असे मानण्यास काही आधार नाही.

जिल्ह्याच्या भूगोलातही एक धडा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे आपण सहजच घाटावरचे आणि घाटाखालचे असा भेद करतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नद्या-नाल्यांना पूर आले आणि वस्त्यांत पाणी शिरले. असे संकट एका खोऱ्यावर येते. त्या खोऱ्यातल्या घरात खालच्या फळीवरची वस्तू वरच्या फळीवर ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. घाटावरच्या चिखलीला राहणाऱ्या मावशीच्या घरी ठेवलेली वस्तू मात्र सुरक्षित राहते. अंतराची ही किंमत आहे. शिवाय आज या जिल्ह्यातल्या असंख्य घरांतला एक मुलगा किंवा भाचा पुण्याला नोकरीस असतो. त्याचे तेथील घर आणि आपले येथील घर यांवर एकाच दिवशी एकच संकट येण्याचा संभव जवळजवळ नाही.

लीळाचरित्राचा धडा

एक प्रत पुरत नाही, हे मराठी भाषेने आपल्या आरंभकाळीच अनुभवले आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांना ज्या स्मरत होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि वऱ्हाडातील रिद्धपूर येथे लीळाचरित्र सिद्ध केले. आपल्या जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही गावे त्या लीळांत येतात. महानुभाव परंपरा असे सांगते की, पुढे परचक्राच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली. पोथी गेली, परंतु ग्रंथ बुडाला नाही. कारण तो अनेक अनुयायांच्या स्मरणात होता. हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला आणि म्हणूनच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. ते एकमेकांशी ताडून पाहण्याचे कष्ट संशोधकांना पुढे करावे लागले.

या इतिहासाच्या दोन बाजू आहेत. प्रती अनेक ठिकाणी होत्या म्हणून ग्रंथ वाचला, ही एक. परंतु त्या प्रती स्मरणातल्या होत्या म्हणून पाठभेद झाले, ही दुसरी. आपल्या काळाचे भाग्य असे की, अक्षरन् अक्षर मुळाबरहुकूम असलेली प्रत यंत्र एका रात्रीत करू शकते. ती दुसरीकडे नेऊन ठेवण्याची बुद्धी तेवढी आपल्याला व्हावयास हवी.

ही बुद्धी आपल्या पूर्वजांना होती, याचे दाखले पुष्कळ आहेत. तुकोबांच्या अभंगांच्या ज्या वह्या संताजी जगनाडे यांच्या घराण्याने जपल्या, त्यांच्याच आधारे वि. ल. भावे यांनी गाथेचे संपादन केले. आपल्यापैकी अनेकांच्या वंशावळी घरच्या पेटीत सापडत नाहीत. त्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. यात्रेस गेलेल्या पणजोबांनी तेथे आपल्या मुलाबाळांची नावे लिहवून ठेवली आणि गावचा वाडा पडला तरी ती नावे राहिली. या उदाहरणांत प्रत सांभाळणारा हा मूळ धन्याहून निराळा आहे, त्याचे घर निराळ्या गावी आहे आणि दोघांत पैशाच्या व्यवहारापलीकडचे काही नाते आहे. आज आपल्याला हीच व्यवस्था पुन्हा उभी करावयाची आहे.

क्लाउड पुरेसे आहे काय?

यावर कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप हवाच कशाला? मोठमोठ्या कंपन्यांचे क्लाउड आहे, मोबाइलमधली छायाचित्रे आपोआप तेथे जातात, मग मावशीच्या घरी यंत्र कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर उपहासाने देण्याचे कारण नाही. क्लाउडची सोय मोठी आहे व ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर घ्यावी. परंतु तिच्यावरच विसंबणे शहाणपणाचे नाही.

नाव ढगाचे असले तरी माहिती ढगात नसते. ती जमिनीवरच्या कोठल्या तरी इमारतीत असते आणि इमारतीला आग लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे माहिती केंद्र जळाले. ज्या ग्राहकांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी अनेकांचे सर्वस्व गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास आग लागली आणि तेथील सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे साठवणारी ८५८ टेराबाइटची प्रणाली नष्ट झाली. तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. प्रणाली फार मोठी असल्यामुळे प्रत ठेवता आली नाही, असा खुलासा झाला. जगातल्या सर्वांत प्रगत संगणकीय शासनांत ज्याची गणना होते, त्या देशातली ही गोष्ट आहे. आपल्या राज्यात २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीनंतर जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम विभागांना किती जड गेले, हे कारकुनांना सांगणे नको. शिक्षकांना जानेवारी २०१८ मध्ये बंद पडलेली शालार्थ ही वेतनप्रणाली आठवत असेलच. त्यानंतर कित्येक महिने वेतनाची देयके जुन्या पद्धतीने कागदावर काढावी लागली.

दुसरी अडचण धोरणांची. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य जागा १ जून २०२१ पासून बंद केली. आता सर्व मिळून १५ गिगाबाइटपलीकडे भाडे भरावे लागते. हे भाडे जन्मभराचे आहे आणि नोकरी संपून निवृत्तिवेतन सुरू झाले म्हणून ते कमी होत नाही. याच कंपनीच्या २०२३ मधील नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते, त्यातील पत्रे व छायाचित्रांसह, काढून टाकले जाऊ शकते. घरचा कर्ता माणूस वारतो, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो, घरचे दुःखातून सावरेपर्यंत दोन वर्षे निघून जातात. नातलगाला माणूस गेल्याची बातमी कळते. कंपनीला खाते वापरात नाही, एवढेच कळते. सांभाळण्याच्या दृष्टीने या दोन कळण्यांत फार अंतर आहे.

तिसरी गोष्ट अशी की, मोबाइल आणि क्लाउड यांचा मेळ राखणे ही खऱ्या अर्थाने राखीव प्रत नव्हे. नातवाने खेळता खेळता मोबाइलमधून पुसलेले चित्र क्लाउडमधूनही पुसले जाते आणि ठरावीक मुदतीनंतर ते परत मिळत नाही. राखीव प्रतीचे काम कालचे काल होते तसे जपणे हे आहे.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने यासंबंधी एक सुटसुटीत नियम रूढ केला: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी घराबाहेर असावी. घराबाहेरच्या प्रतीची महती सांगणारी एक घटना १९९८ मधली आहे. पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचा बहुतेक भाग एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरून पुसला गेला. संस्थेच्या राखीव प्रती पाहू जाता त्या सदोष निघाल्या. गॅलिन ससमन या तंत्रनिर्देशिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर असलेली प्रत गाडीतून जपून आणली गेली आणि काम पुढे चालू झाले. बलाढ्य संस्थेला एका घरातल्या प्रतीने तारले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

यंत्र कसे बसवावे

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. नातलगाच्या घरी ठेवावयाचे यंत्र भारी किमतीचे असण्याची आवश्यकता नाही. अडगळीत पडलेला, पण चालू असलेला जुना लॅपटॉप चालतो. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक चालतो. ज्यांना खटपट नको त्यांच्यासाठी नॅस या नावाने तयार पेट्या बाजारात मिळतात. त्याला एक पुरेशी मोठी डिस्क जोडली की काम भागते. छोटे यंत्र व डिस्क मिळून १५ वॉट वीज लागते असे धरले, तरी दिवसरात्र चालवून महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. हा खर्च नातलगाच्या बिलात पडतो, याचे भान मात्र ठेवावे.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवण्याचा आग्रह धरू नये. समजा, घरचे दप्तर एक टेराबाइट आहे आणि जोडणीचा पाठवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. अखंड चालू ठेवले तरी त्यास साडेचार दिवसांहून अधिक लागतील. वीज आणि जोडणी यांचा लपंडाव जमेस धरता दोन-तीन आठवडेही जातील. त्यापेक्षा डिस्क आपल्या घरीच भरून घ्यावी आणि दिवाळीला जाताना पिशवीतून एस.टी.ने न्यावी. बुलढाण्याहून रात्री निघालेली डिस्क सकाळी पुण्यास पोहोचते. एवढ्या वेळात एवढी माहिती घरगुती जोडणी नेऊ शकत नाही. त्यानंतर दररोज फक्त बदललेला भाग पाठवावा लागतो. बदल तेवढाच ओळखून पाठवण्याची ही युक्ती अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक या आज्ञावलीत आणली. आज रेस्टिक, बोर्ग यांसारख्या विनामूल्य आज्ञावली हे काम अधिक चोख करतात. त्या माहिती कुलूपबंद करतात, बदललेला तुकडा तेवढाच पाठवतात आणि जुन्या तारखांच्या प्रतीही जपून ठेवतात.

या जुन्या तारखांच्या प्रतींचे महत्त्व मोठे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरचे लक्षावधी संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे काही आपल्या घरी घडले आणि दूरच्या प्रतीतही तीच बिघडलेली माहिती रात्री जाऊन बसली, तर सारे व्यर्थ. म्हणून दूरच्या यंत्रावर नवे लिहिण्याची मुभा असावी, जुने पुसण्याची नसावी.

एक तांत्रिक अडचण येथे हमखास येते. आपल्या घरगुती इंटरनेट जोडण्यांना बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे राहावीत आणि बाहेर वाड्याचा एकच घरक्रमांक असावा, तसा हा प्रकार आहे. बाहेरून आलेल्याला नेमके बिऱ्हाड सापडत नाही. परंतु आतला माणूस बाहेर जाऊन भेटू शकतो. म्हणून दोन्ही घरांतील यंत्रांनीच बाहेर येऊन एकमेकांस गाठावे, अशी सोय करावी लागते. वायरगार्डच्या पायावर उभारलेल्या टेलस्केलसारख्या सेवा हे काम करतात आणि घरगुती वापरापुरत्या त्या विनामूल्य आहेत. वीज गेली तर ती परत येताच यंत्र आपोआप सुरू होईल अशी रचना करावी. यंत्र आणि मोडेम दोहोंसाठी एक छोटा यूपीएस असावा. आणि यंत्रावर मोठ्या मराठी अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवावी: हे बंद करू नये, शंका आल्यास अमुक क्रमांकावर विचारावे. दिवाळीच्या साफसफाईत पुष्कळ यंत्रे या एका चिठ्ठीमुळे वाचतील.

नाते आणि कुलूप

खरा आक्षेप यंत्राविषयी नाही, माणसांविषयी आहे. भाऊबंदकीची जाण ज्याला आहे, तो विचारील की, आज गोडी आहे, उद्या बांधावरून तंटा झाला तर? आपले व्यवहार, आपल्या पत्रिका, आपली दुखणी त्यांच्या हाती द्यावयाची काय? हा आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर कुलपाचे आहे. माहिती आपल्या घरातून निघण्यापूर्वीच सांकेतिक केली, तर ठेवून घेणाऱ्याला ती वाचता येत नाही. त्याच्याकडे पेटी असते, किल्ली नसते.

याचा जगन्मान्य नमुना बियाण्यांच्या क्षेत्रात आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ मध्ये जगभरच्या पिकांच्या बियाण्यांचे राखीव कोठार सुरू झाले. तेथे ठेवलेल्या पेट्या ठेवणाऱ्या संस्थेच्याच मालकीच्या राहतात; यजमान त्या उघडत नाही. सीरियातील अलेप्पोजवळील इकार्डा या संस्थेचे बियाणे यादवीमुळे तिच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा २०१५ मध्ये तिने आपल्या पेट्या तेथून परत मागवल्या, बियाणे पुन्हा वाढवले आणि नव्या पेट्या पुन्हा तेथे नेऊन ठेवल्या. ठेव बंद, मालकी अबाधित आणि मागताच परत, या तीन अटींवर परकी राष्ट्रेही एकमेकांचा विश्वास धरतात. मामा-भाच्यांना तो धरणे अवघड नसावे. तंटा झालाच, तर नुकसान एका डिस्कचे होईल. मूळ आपल्या घरी राहतेच.

किल्लीची काळजी मात्र पेटीपेक्षा अधिक घ्यावी. सांकेतिक केलेल्या माहितीचा पासवर्ड हरवला, तर ती जगात कोणालाही उघडता येत नाही. म्हणून तो कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून एक प्रत पती-पत्नी दोघांनाही माहीत असलेल्या जागी व दुसरी बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये किंवा तिसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. पासवर्ड फक्त कर्त्याच्या डोक्यात असणे, हे या सर्व व्यवस्थेतले सर्वांत कच्चे ठिकाण होय.

नातलग निवडताना केवळ जिव्हाळा पाहू नये. घर दूर असावे, तेथे वीज व इंटरनेट बऱ्यापैकी स्थिर असावे आणि घरातील गृहिणीची संमती असावी. या अखेरच्या अटीकडे पुरुषमंडळी हटकून दुर्लक्ष करतात. यंत्र ज्या खोलीत राहणार, ती खोली तिच्या हाताखालची. दुपारी वीज गेली-आली तर पाहणार तीच. तिला यंत्राचा उपयोग समजावून सांगावा आणि तिच्या माहेरच्या छायाचित्रांसाठीही त्याच डिस्कवर जागा ठेवावी. विजेच्या पैशांचा विषय काढला तर मामा रागावतील, हे खरे. म्हणूनच अदलाबदल उत्तम. त्यांची प्रत आपल्या घरी, आपली त्यांच्या घरी. उपकाराचे ओझे कोणावरच राहत नाही आणि दोघांनाही दुसऱ्याच्या यंत्राची काळजी वाहण्याचे कारण राहते.

परत मिळवून पाहा

शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट परीक्षेची आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकक्षेत्रातल्याच कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य साठा पुसला गेला. राखीव प्रतींचे अनेक मार्ग कागदोपत्री होते. त्यांतला एकही नीट चालत नव्हता, हे त्या रात्री कळले. सुमारे सहा तासांपूर्वी एका कामासाठी काढलेली प्रत होती, तिच्यावर निभावले. परत मिळवून न पाहिलेली प्रत आहे असे समजून चालणे, हा भ्रम आहे. वर्षातून दोनदा तरी, दूरच्या यंत्रावरून पाच-दहा कागद व छायाचित्रे परत मागवून उघडून पाहावीत. त्यासाठी दिवाळी आणि अक्षय तृतीया हे दिवस सोयीचे आहेत. अक्षय तृतीयेला आपल्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. त्याच दिवशी त्यांचे छायाचित्र व आवाज सुखरूप आहे की नाही, हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात.

काय ठेवावे, याचाही विवेक हवा. सुप्रभातीच्या शेकडो चित्रांची प्रत पुण्यास पाठवण्यात अर्थ नाही. जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी. सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळ देते. परंतु आईचा आवाज, आजोबांचे हस्ताक्षर, चुलत्याने मिळवलेली जुनी नोंद यांची दुय्यम प्रत देणारे कार्यालय नाही. ही निवड करण्याच्या निमित्ताने घरातल्या वडीलधाऱ्यांसमवेत बसून चित्रांखाली नावे लिहिली गेली, तर तो लाभ यंत्राहूनही मोठा ठरेल.

हे सर्व एकट्याने करणे अनेक शिक्षकांना व कारकुनांना जमणार नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि प्रत्येक गावातला एखादा तरुण संगणकशास्त्र शिकतो आहे. सुटीत घरी आलेल्या या मुलांनी आपल्या गोतावळ्यातल्या दोन घरांची अशी जोडणी करून द्यावी आणि ती कशी चालते, बिघडल्यास काय करावे, हे एका वहीत मराठीत लिहून ठेवावे. शाळांनी आणि गावच्या वाचनालयांनीही आपल्या जुन्या नोंदवह्या व दुर्मिळ पुस्तके संगणकात घेतली असतील, तर घाटावरच्या संस्थेने घाटाखालच्या संस्थेशी हीच अदलाबदल करावी. त्यासाठी शासनाच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सुटीत ज्या नातलगाकडे जाणे होणार आहे, त्याच्या घरी एका यंत्रापुरती जागा, एक विजेचे बटण आणि त्याची संमती मिळाली, की कामास आरंभ करता येईल.